जोसेफचं घड्याळ

एस्तेरच्या मनगटावर जोसेफचं घड्याळ सैल बसायचं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी ते गरगर फिरायचं. पण तिने दुसरं कधी घातलं नाही. जोसेफ तिचा एकुलता एक मुलगा. काळ्या डबीचं, सेलवर चालणारं ते स्वस्तातलं घड्याळ त्याने कोपरगावच्या बाजारात हातगाडीवरून घेतलं होतं. मागच्या गळीत हंगामात शिर्डीहून येताना त्याची मोटरसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. ओळख पटवायला त्याचे वडील जॉर्ज एकटेच गेले, आणि येताना घड्याळ खिशात घालून घेऊन आले.

एका सोमवारी सकाळी एस्तेरने ते उशाजवळून उचललं, तर काटा हलत नव्हता. तिने झटकलं, कानाला लावलं.

"बंद पडलं," ती म्हणाली.

"पडणारच. हलक्यातलं हाय," जॉर्ज चहाच्या कपाकडे बघत म्हणाले. "आता ऱ्हाऊ दे."

"दुरुस्त करून आणते."

"त्याला काय दुरुस्त करायचं? नवं घे एखादं."

तिला नवल वाटलं. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढलेला हा माणूस. जळालेली इस्त्रीसुद्धा फेकू द्यायचा नाही.

दुपारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती बसस्टँडसमोर फैयाजभाईंच्या दुकानात गेली. त्यांनी घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"सिस्टर, मशीन गेलं असलं तर बदलावं लागेल. मग डबी तेवढी जुनी, आतलं सगळं नवं. त्यापेक्षा दुसरंच घ्या की."

"ते जुनं मशीन मला परत द्याल?"

"देईन. पण त्याचं काय करणार?"

त्या शेवटच्या रात्री जोसेफच्या हातावर जे चालत होतं, तेच काढून टाकायचं, मग उरलं काय? ती काउंटरला धरून उभी राहिली. दोनदा तिने घड्याळ परत मागायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी म्हणाली, "उघडा."

फैयाजभाईंनी झाकण काढलं आणि भिंग डोळ्यावरून खाली घेतलं.

"यात सेलच नाहीये."

"पडला असेल कुठे."

"बंद झाकणातून कसा पडेल? कुणीतरी उघडलंय, सिस्टर. हे बघा, कडेला ताजे ओरखडे. पेचकसाने उचकटलंय. मशीन ठीक दिसतंय. नवा सेल टाकू?"

घरात माणसं दोनच होती.

"नको," एस्तेर म्हणाली. "झाकण लावा."

जॉर्ज दारापुढच्या ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होते. तिने घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं.

"सेल कुठे आहे?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गटारीत टाकला."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर तू दिला असता का?"

हातातली काडी मोडत जॉर्ज बोलू लागले.

"चादर टाकली हुती त्याच्यावर. म्हनले, हातावरून ओळखा. हात थंडगार, आन् त्याच्यावर हे चालू. जसं काही झालंच न्हाई. मीच काढलं ते. पट्टा सुटंना लवकर." त्यांनी काडीचे तुकडे खाली टाकले. "तू उशाशी ठेवायचीस. मला सगळी रात ऐकू यायचं. थंडीत मी हितं ओट्यावर झोपायचो, ते काय उकडतं म्हनून?"

"हातावरून?" एस्तेर हळूच खाली बसली. "तुम्ही तर सांगितलंत, झोपल्यासारखा दिसत होता."

"मग काय सांगायचं हुतं?"

त्याच शब्दांवर विसंबून तिने शवपेटी उघडायचा हट्ट धरला नव्हता. चर्चमध्ये सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकीला तिने तेच सांगितलं होतं.

"म्हणजे तुम्ही तोंड पाहिलंच नाही?"

"चादर उचलाया हात नेला. पोलिसानं धरला." जॉर्जनी कोथिंबिरीची दुसरी काडी उचलली. "आन् मी धरू दिला."

रस्त्यावरून रिकामा टेम्पो खडखडत गेला. एस्तेरला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. थोड्या वेळाने जॉर्जच म्हणाले, "तुला पायजे तर टाकून आन सेल. मी झोपीन हितंच."

"नको," ती म्हणाली. "आत झोपा."

तिने घड्याळ उचललं आणि ट्रंकेत जोसेफच्या शर्टांखाली ठेवून दिलं. जॉर्जना तिने माफ केलं नव्हतं. करता येईल असंही तिला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका म्हाताऱ्याला ताप चढला होता. नाडी मोजायला तिने त्याचा हात धरला. स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आकडा मोजून झाला, कागदावर उतरवायचा होता. पण म्हाताऱ्याचा तो तापलेला हात तिच्याने सोडवेना.

"लई बिगडलंय का, सिस्टर?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि तरीही हात धरूनच बसली.