झरीच्या कालपट्टीची लांबी

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. सकाळी गारठा, दुपारी कोरडं ऊन, आभाळ निरभ्र.

मी झरीच्या शाळेतली कालपट्टी बोलतेय. त्या दिवशी इतिहास शिकवणाऱ्या धम्मशीलाबाईंनी पडद्यातून उरलेलं मांजरपाट फाडून मला आठवीच्या भिंतीवर ठोकलं. गावात लोकांसाठी कुणी कुणी संस्था काढल्या, ते मुलांनी माझ्यावर सालवार लावायचं होतं. एक वीत म्हणजे दहा वर्षं. १९५० ते आज, आठ विती. मला माझं माप नीट ठाऊक होतं.

नियम एकच: कागद किंवा दगड दाखवा, मगच चिठ्ठी लागेल.

पहिल्याच दिवशी केशरबाई काठी टेकत आल्या. बाईंच्याच वस्तीतल्या, नव्वदीच्या. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीतल्या सहाजणी रोज चुलीपुढं बसण्याआधी मूठभर ज्वारी डेऱ्यात टाकायच्या. परभणीला शिकायला राहिलेल्या पोरांना ती जायची. त्या सहाजणींत आता केशरबाईच उरल्या होत्या.

"आमचं बी लावा," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर सांगायला कोन हाय?"

बाईंनी कागद विचारला. केशरबाई म्हणाल्या, ज्वारीची पावती कोन फाडतंय? आपल्या माणसाला झुकतं माप नको, म्हणून बाईंनी नकारार्थी मान हलवली. केशरबाई गेल्या नाहीत, दाराशीच बसल्या; पुढंही रोज येऊन तिथंच बसायच्या.

गुरुवारी आठवीतलीच ईश्वरी धावत आली. तिच्या पणजोबांनी बांधलेल्या धर्मशाळेच्या दगडावर साल होतं, सन १३५२. दगड म्हणजे पुरावाच. मुलांनी मला खताच्या पोत्यांचे तुकडे जोडले. साठ विती. मी दारातून निघाले, ओसरी ओलांडली आणि हात धुवायच्या नळापाशी पोचले. मधे सगळी कोरी. एवढी वर्षं गावात कुणी कुणाचं भलं केलंच नाही का? माझं डोकं नळाशी, पाय फळ्याशी. मी जुनी की नवी, मलाच कळेना.

ईश्वरीचे आजोबा शिवप्रकाशअप्पा कपाळावर विभूती लावून मला बघायला आले. पणजोबा एवढे जुने कसे, असं बाईंनी हळूच विचारलं. घराणंच जुनं हाय, असं अप्पांनी सांगितलं. खाली बसलेल्या केशरबाई म्हणाल्या, "तो दगड बसवला तवा मी सात वरसाची व्हते. माझा बाप चुना मळायला व्हता तिथं."

"केशरमाय, मग तुमचं वय पावनेसातशे झालं की."

"वय मला ठाव न्हाई, अप्पा. डोळे माझेच व्हते."

वर्ग हसला. ईश्वरी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चमच्यानं दगडावरचा ऑइलपेंट खरवडला. सालाच्या पुढं आणखी एक शब्द निघाला: फसली. बाईंनी कपाळावर हात मारला. निजामाच्या काळातलं सरकारी साल ते. त्यात पाचशे नव्वद मिळवायचे.

"एका म्हातारीनं आमची सहाशे वरसं खाल्ली," अप्पा म्हणाले, आणि केशरबाईंसाठी चहा सांगितला.

माझी पोती उसवली गेली. मी पुन्हा खोलीत आले, पण एक वीत मोठी होऊन. तेव्हा ईश्वरी उभी राहिली. "बाई, दगड आम्ही चुकीचा वाचला. आजीचं बरोबर निघालं. मग त्यांच्या ज्वारीला कागद कशाला?"

"एक गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरी आपोआप खरी होत नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी काय सांगणार? माझ्यावर जे लिहितात तेच मला माहीत. शेवटी त्यांनी केशरबाईंना साल विचारलं. दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या साली, असं उत्तर आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. नऊ विती. धर्मशाळा, १९४२, शाईने. मूठभर ज्वारी, सहाजणी, १९५७, पेन्सिलने. सांगणार केशरबाई, वय अंदाजे नव्वद.