अंगठीत अडकलेली अनामिका

त्या दिवशी पेन माझ्यापर्यंत आलं आणि मला कळलंच नाही.

मधल्या बोटानं ते नेहमीसारखं माझ्याकडे सरकवलं होतं. मी ते पाठीवरून फिरवायचं आणि करंगळीकडे द्यायचं, एवढंच काम. पण काहीतरी अंगावरून घसरल्यासारखं वाटलं, तेही जाड गोधडीआडून वाटावं तसं. पेन फरशीवर टणकन पडलं. श्रावणी दचकली. मीही दचकले.

मी कोण? मी श्रावणीच्या डाव्या हाताची अनामिका, करंगळीशेजारची. बोटं दाखवायला, मोडायला, नाचवायला सगळे पुढे असतात. बोटाचं ऐकायला कुणी नसतं. आज मी बोलणार आहे. ऐकायचं तर ऐका.

आम्हा बोटांत सगळ्यात परावलंबी मीच. खोटं वाटत असेल तर आत्ताच हात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि तुमच्या अनामिकेला एकटीला उचलून बघा. नाही ना जमलं? आतल्या आत माझ्या दोऱ्या शेजाऱ्यांशी बांधलेल्या आहेत. मधलं बोट वाकलं की मी वाकते, करंगळी हलली की मी हलते.

त्यात मी डाव्या हाताची. श्रावणी जन्मापासून डावखुरी. लहानपणी प्रसादासाठी आम्ही पुढे झालो की तिची गंगम्मा आत्या चापट मारायची. "मागं घे तो हात! देवासमोर डावा हात करतात व्हय?" आम्ही पाचही पाठीमागे लपायचो. मग श्रावणीलाही लपायची सवय लागली. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. वर्गात हजेरीसुद्धा ती पुटपुटतच द्यायची.

कॉलेजात तिच्या बाकावर आफरीन आली. आफरीनच्या बोटांवरून पेन असं फिरायचं की श्रावणी फळ्याकडे बघायचंच विसरायची. शेवटी धीर करून म्हणाली, "मला शिकवशील?"

आफरीननं हात उलटासुलटा करून बघितला आणि नेमकं मलाच धरलं. "हे बोट लई लाजतंय की गं! मधल्याची शेपूट झालंय नुसतं. आधी ह्याला एकटं राहायला शिकव, मग पेन."

श्रावणीला घाई. तिनं रबरबँड अडकवून मला इतकं ताणलं की मी ठणकायला लागले. आफरीन तिच्यावरच ओरडली, "अगं ए, बोट हाय ते, बैल न्हाय ओढायला!"

मग सगळं हळू सुरू झालं. कोमट पाण्यात हात. तळवा टेबलावर टेकून एकेका बोटाला उचलणं. माझी पाळी आली की मी नुसती थरथरायचे. कितीतरी दिवस तेवढंच. मग एकदा माझ्याखालून कागद सरकेल इतकी उठले. पुढं कधीतरी पेन माझ्याकडे आलं आणि मी ते खरंच पुढं दिलं. रिफिल काढून दोन्ही टोकांना टोपणं लावलेलं ते पेन तर्जनीपासून करंगळीपर्यंत गेलं आणि परत आलं. श्रावणी लायब्ररीत मोठ्यानं हसली आणि स्वतःच्याच हसण्याला दचकली. तोंडी परीक्षेत ती टेबलाखाली पेन फिरवत राहिली आणि न अडखळता उत्तरं दिली. लोकांना तो टाइमपास वाटतो. वाटू दे.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलगा चन्नवीर, करमाळ्यात शिक्षक. साखरपुड्याच्या अंगठीचं माप घ्यायला आत्या दोरा घेऊन आली. श्रावणीनं डावा हात पुढं केला.

"उजवा दे. शुभकार्याचं माप कुणी डाव्या हाताचं घेतंय का?"

दोरा उजवीकडच्या अनामिकेला गुंडाळला गेला. ती नाजूक, कामं सगळी आमच्या हाताची, म्हणून माझी पेरं जाड. तरी चाललं असतं. पण ऐन वेळी फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, डावा हात! फोटोत डावाच बरा दिसतो." आणि इतकी वर्षं आम्हाला मागं ढकलणारी आत्या कॅमेऱ्यापुढं गप्प!

अंगठी माझ्या पेराशी अडली. चन्नवीर थांबला. हळूच म्हणाला, "दुखतंय का?" श्रावणीनं सवयीनं मान हलवली, नाही म्हणून. मग आत्यानंच पुढं होऊन ती दाबली. टाळ्या वाजल्या. "बसली की! आता लग्नापर्यंत निघत न्हाय."

निघालीच नाही. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. मी सुजले, जांभळी पडले, आणि मग त्या दिवशी ते पेन पडलं. ठणकणं म्हणजे माझं ओरडणंच ते. पण श्रावणीच्या आईनं, मालतीबाईंनी, ते कानाआड केलं. "थोडी कळ काढ गं. कापलेली अंगठी त्या लोकांना कशी दाखवायची? काय अर्थ काढतील?" श्रावणी म्हणायची, "बरं."

आज सकाळी पेन पुन्हा पडलं. तिनं मला टाचणी टोचून बघितली. मला कळलं नाही. तिनं पायात चपला सरकवल्या. "आई, मी नवी पेठेत सराफाकडे चालले. यायचं तर ये."

सराफानं मला उजेडात धरलं. "ताई, ही आता कापावीच लागेल. पण साखरपुड्याची दिसते. मुलाकडच्यांना विचारलंय का?"

"मी तेच म्हणतेय," मालतीबाई म्हणाल्या.

श्रावणीनं माझा फोटो काढून चन्नवीरला पाठवला, फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच.

"वर्गावर असतील. उद्या येऊ आपण."

श्रावणीचा आवाज कापत होता, पण ती बोललीच. "मी विचारायला फोन करत नाहीये, आई. सांगायला करतेय. काका, तुम्ही कापा."

सराफानं अंगठीखाली पातळ पत्रा सरकवला आणि हातानं फिरवायची बारीक दातेरी चकती सोन्यावर टेकवली. घर्र, घर्र. भीती वाटतेय का? वाटतेय. मलाही, तिलाही. पण तिनं हात मागं घेतलेला नाही. भर पेठेत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, डावा हात काचेच्या काउंटरवर पसरून ती उभी आहे आणि शेजारी ठेवलेल्या फोनचा स्पीकर चालू करून उजव्या हातानं पुन्हा चन्नवीरला फोन लावतेय.

तुम्हालाही सांगून ठेवते. दागिने करा, हौस करा; पण ज्या बोटात घालायचंय त्या बोटाला आधी विचारा. मी शोभेची नाही. फार कष्टानं एकटी उठायला शिकलेय. ते विसरायला लावणारं सोनं मला नको, मग ते कुणाच्याही घरचं असो.

चकती फिरतेय. काउंटरवर ठेवलेल्या फोनची रिंग अचानक थांबली. स्पीकरवर आधी पोरांचा कालवा ऐकू आला, मग धापा टाकणारा चन्नवीरचा आवाज:

"फोटो आत्ता बघितला. अगं, अजून कापली नाहीस?"