जुन्या जर्सींचा हंगाम

कॉलरला लावायच्या त्या इवल्याशा माइकचा चिमटा ढिला झाला होता. लावला की मान टाकायचा, तोंडाऐवजी पोटाकडे बघत बसायचा, आणि पोटातला आवाज कुणाला ऐकायचा असतो... अनिशने तो पुन्हा दाबून बसवला. समोर खिडकीत उभा केलेला फोन, पाठीमागे कपाट, कपाटात सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला फुटबॉल, ज्याला मातीचा कणही कधी लागला नव्हता. "नमस्कार, मी अनिश तळपदे, फुटबॉल अर्थतज्ज्ञ" – एवढं बोलून तो थांबला. हे वाक्य रोज सकाळी चहाच्याही आधी त्याच्या तोंडून आपसूक निघायचं. आज ते निघालं, पण पुढे सरकेना, खोलीतच घुटमळत राहिलं, जणू त्यालाच विचारत होतं, कोण म्हणालास?

ही पदवी त्याला कुणी बहाल केलेली नव्हती. विमा कंपनीत असताना जेवणाच्या सुट्टीत तो परदेशी क्लबांची कर्जं, खेळाडूंच्या करारांवरून होणारी भांडणं, असल्या गोष्टींवर फोनसमोर बोलायला लागला. बोलणं गोड, शर्ट इस्त्रीचा, लोक ऐकायला लागले. मग एका वाहिनीवरच्या मुलीने घाईघाईत विचारलं, सर, नावाखाली काय लिहू? आणि त्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. पडद्यावरच्या पट्टीवर ते आलं. पट्टीवर आलं म्हणजे झालंच की, त्यानंतर कोण कशाला विचारतंय... पुढच्या वाहिनीने आधीच्या वाहिनीवरून उचललं, पुढे त्याने नोकरी सोडली, आणि आता दादरच्या या घराचे हप्ते त्या दोन शब्दांवर चालले होते.

त्याने माइक बंद केला. चित्रण राहू दे आज. आज दुपारी परळला लवादासमोर त्याची साक्ष होती, आणि त्याआधी खोताच्या वाडीतल्या ऑस्वाल्ड अंकलने घरी बोलावलं होतं.

टॅक्सीत वकिलांचा फोन आला. ते ठाकूरद्वार रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या जुन्या प्रायोजक कंपनीचे वकील. खेळाडूंनी थकलेल्या पगारांसाठी दावा लावला होता आणि कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही हात काढून घेतला म्हणून क्लब बुडाला हे खोटं, क्लब आधीच पोखरलेला होता, आणि हे आम्ही नाही, एक नामवंत तज्ज्ञ तेव्हाच सांगून चुकले होते. वकील अगदी मऊ आवाजात म्हणाले, तुम्ही फक्त तेव्हा टीव्हीवर जे बोललात तेच बोलायचं, एक शब्द इकडे नाही, एक शब्द तिकडे नाही. अनिश हो म्हणाला. त्याला ते पाठच होतं. दोन वर्षं ते त्याच्या मागे लागलं होतं – केस कापून घेताना, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या तरी फोनमधून अचानक, आणि अलीकडे तर फोन नसतानाही, कानाच्या मागच्या बाजूला, त्याच्याच आवाजात: *जुन्या जर्सी घालून उतरायची वेळ आली आहे, यातच सगळं आलं. हा क्लब हंगाम संपेपर्यंत टिकणार नाही. मी त्यांचे ताळेबंद पाहिलेत.*

नव्हते पाहिले. एक कागदही पाहिला नव्हता. स्टुडिओत कमालीची थंडी होती, दिवे इतके प्रखर की समोरचा माणूस दिसेना, आणि निवेदक म्हणाला, तुम्ही तर त्याच भागातले, तुम्हाला आतली खबर असणार... खबर! माझ्याकडे एवढंच होतं, की हंगामाच्या पहिल्या सामन्याला मुलं गेल्या वर्षीच्या जर्सी घालून उतरली होती. बाहेरच्याला हे दिसलंसुद्धा नसतं. पण मी खोताच्या वाडीच्या तोंडाशी वाढलेला; मला ठाऊक की दर हंगामाला नव्या कोऱ्या जर्सी येतात, ऑस्वाल्ड अंकलची बायको विनी आंटी तिच्या मशीनवर त्यांच्या पाठीवर नंबर शिवते, आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्या सगळ्या वाडीतल्या क्रुसासमोर दोरीवर टांगल्या जातात, कुणी मेणबत्ती लावतं, कुणी झेंडूची माळ अडकवतं. दोऱ्याचं रीळ धरून मी तिच्या पायाशी बसलेलो आहे. ज्या वर्षी नव्या जर्सी नाहीत त्या वर्षी काहीतरी भयंकर बिघडलं आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार! आणि ते खरंही ठरलं. पुढच्याच महिन्यात प्रायोजकाने अंग काढून घेतलं, क्लबला टाळं लागलं, आणि अनिश तळपदे हा आधीच सांगणारा माणूस झाला. रात्ररात्र छळायचं ते हेच – मी सांगितलं म्हणून झालं, की होणार होतं म्हणून मी सांगितलं?

ठाकूरद्वारला तो उतरला. आईकडे न जाता सरळ वाडीत शिरला. आईसमोर आज उभं राहवलं नसतं. आईची, आनंदीबाईंची, बोलण्यापेक्षा न बोलण्याची मात्रा अधिक लागू पडायची, आणि या विषयावर त्या दोन वर्षांत चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

ऑस्वाल्ड अंकल लाकडी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. क्लबचा मॅनेजर, म्हणजे पंचांशी भांडण्यापासून बर्फाची लादी आणण्यापर्यंत सगळं तोच. खांदे उतरले होते, शर्ट मात्र अजून कडक. चहाला साखर कमी घालतो हल्ली, चालेल ना, असं विचारून तो आत गेला, आणि अनिश त्याच्यामागे आत येऊन मशीनजवळ टेकला. मशीनवर कापड टाकलेलं. वर भिंतीवर विनी आंटीचा फोटो, खाली लाल दिव्याचा ठिपका. ती गेली हे त्याला माहीत होतं. आईने कधीतरी, बऱ्याच उशिरा, जेवता जेवता सांगितलं होतं आणि तो अरेरे म्हणाला होता. कधी गेली ते मात्र त्याने विचारलं नव्हतं. आता फोटोखाली तारीख होती. विनिफ्रेड, आणि तारीख. त्या हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या जेमतेम आधीची.

त्याच आठवड्यात आईचे फोन येत होते. चित्रण चालू असायचं, तो फोन उलटा करून ठेवायचा... नंतर करू, नंतर करू, आणि नंतर ती चर्चा झाली, सत्कार झाले, राहूनच गेलं.

कप घेऊन अंकल आला. समोर बसला आणि त्याची नजर अनिशच्या कॉलरवर गेली. माइक तिथेच होता, मान टाकून. अंकल थोडा सावरून बसला, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"चालू आहे का हे?"

अनिशने घाईघाईने तो काढला आणि हाताशी आलेल्या मशीनवर ठेवला. नाही, बंद आहे, सकाळचा राहिला, असं काहीतरी पुटपुटला. त्याला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

लॅन्सच्या बाजूने बोल असं सांगायला बोलावलं नाही, अंकल म्हणाला. लॅन्स त्याचा मुलगा, क्लबचा गोलकीपर, दाव्यात त्याचं नाव पहिलं. आमच्या वकिलांनी बजावलंय तसं बोलायचं नाही, आणि मला बोलायचंही नाही. माझं वेगळंच आहे. मग तो बराच वेळ कपाच्या कानात बोट फिरवत राहिला.

"तू ताळेबंद बघितलास ना, त्यात काय होतं ते मला एकदा सांग. मी रोज तिथे होतो रे. मला कसं दिसलं नाही? झोप लागत नाही मला. वाटतं, मुलांना मीच फसवलं, सगळं बरं चाललंय म्हणून सांगत राहिलो."

अनिशने कप बाजूला ठेवला. सांग. आत्ता सांग. दुसरं कुणी नाही इथे, व्हरांड्यात ऊन आहे, एक मांजर आहे, आणि समोर एक म्हातारा आहे जो दोन वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत जगतोय, कारण तुझ्यावर घ्यावा असं त्याला सुचलंच नाही... पण बोलायला गेला की आतून तोच आवाज पुढे सरसावायचा, गुळगुळीत, बेमालूम, आणि त्या आवाजाला 'माहीत नाही' असं म्हणता येत नव्हतं. त्याने नजर चुकवली. ती पलंगाखालच्या खोक्यांवर पडली आणि त्याने, केवळ बोलणं टळावं म्हणून, विचारलं की यात काय आहे.

"जर्सी. नव्या. त्याच वर्षीच्या," अंकल म्हणाला. "कंपनीने वेळेवर पाठवलेल्या. पण विनी गेली, आता नंबर कोण शिवणार? मुलंच म्हणाली, अंकल, हे वर्ष आंटीने शिवलेल्याच घालतो. तुमच्यात सुतक असतं ना, तसं समज. खोकी फोडलीच नाहीत."

खोक्यांवरची चिकटपट्टी पिवळी पडली होती. अनिश तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी स्टुडिओला जाताना टॅक्सी वाडीच्या तोंडावरूनच गेली होती. दोन पावलं आत आलो असतो तर... व्हरांड्यात काळे कपडे दिसले असते, कुणीतरी हात धरून बसवलं असतं. मुलं मैदानावर दुखवटा अंगावर घालून उभी होती आणि मी कुंपणाबाहेरून दिवाळं वाचलं.

"मुलं चिडली होती तुझ्यावर. जाऊन सांगू म्हणाली. मी म्हटलं, नको, त्याने हिशेब बघितलेत, जर्सी तर त्याने उदाहरणाला घेतली असेल." अंकल हसला, ओशाळल्यासारखा. "खरं सांगू? टीव्हीवर तू जुन्या जर्सींचं काढलंस ना, तेव्हा मला वाटलं, आता तू तिचं नाव घेशील. मी आवाज मोठा केला."

चहा तसाच राहिला. अनिश उठला, उशीर होतोय म्हणाला, आणि अंकलने नेहमीसारखं त्याच्या पाठीवर थापटलं, जा, नीट बोल, घाबरू नको. तो गल्लीतून चालत होता तेव्हा क्रुसापाशी कुणीतरी ताजी माळ घातलेली दिसली. त्याला थांबावंसं वाटलं. थांबला नाही. अंकलला उत्तर दिलं नाही हे त्याला टॅक्सीत बसल्यावर कळलं, म्हणजे कळलं होतंच, टॅक्सीत बसल्यावर ते छातीवर येऊन बसलं.

परळच्या त्या काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लांबच लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. पलीकडे लॅन्स बसला होता, आपले प्रचंड पंजे मांडीवर ठेवून. त्याने अनिशकडे पाहून मान हलवली, रागाने नाही, नुसती ओळखीची. वकिलांनी फाइल उघडली. परिचय झाला, तो वकिलांनीच करून दिला, नामवंत, अभ्यासू, द्रष्टे वगैरे. मग बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी साधेपणाने, घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं:

"आपण म्हणालात की क्लब टिकणार नाही. कशावरून म्हणालात?"

अनिशने वाट पाहिली. दर वेळी असंच व्हायचं – प्रश्न संपायच्या आत तो आवाज आतून उठायचा, घसा साफ करायचा, आणि आपण फक्त ओठ हलवायचे. हात सवयीने कॉलरकडे गेला. तिथे काही नव्हतं; माइक वाडीतच राहिला, मशीनवर, त्या कापडावर. कुणीतरी बाटलीचं झाकण फिरवलं. लॅन्सने मांडीवरचे पंजे उलटे करून ठेवले. खूप आत कुठेतरी शिवणाच्या मशीनचं चाक फिरत होतं, रीळ बोटांमधून सुटत होतं, आणि एक बाई मान वर न करता म्हणत होती, नीट धर रे, सोडू नको... पण तो आवाज, तो येईना. दोन वर्षांत पहिल्यांदा कानाच्या मागे काही नव्हतं. किती शांत, आणि किती भयंकर. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि बोलायचं होतं ते आता त्याचं त्यालाच.