सोन्यावरची हळद

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. किती जुना ते विचारू नका. माझं झाकण उघडताना डावी बिजागरी अशी कुरकुरते की खिडकीतलं मांजर दचकून उठतं, त्यावरून काय तो अंदाज बांधा. तरीसुद्धा आज मी खुशीत आहे. माझ्या पाठीवर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं आहे आणि तेही योग्य जागी. ही योग्य जागा सापडायला घरातल्या माणसांना किती फिरावं लागलं, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मतःच माझ्या पोटात एक छोटी खाच रिकामी ठेवली होती. ‘पुढेमागे कोणी काही बसवील,’ एवढाच त्यामागे विचार. तिथून खोक्यात बसून मी धुळ्याला आलो आणि देवपुरातल्या एका घरात राहू लागलो. नवलभाऊने मला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलं, असं घरात सांगितलं होतं. मी अभ्यास थोडा पाहिला, क्रिकेट पुष्कळ पाहिलं. तरी तो पास झाला आणि भुसावळला रेल्वेत लागला. त्याचं श्रेय देवाला मिळालं, क्लासला मिळालं, मामालाही मिळालं. माझ्या नावावर काहीच जमा झालं नाही. चालायचंच.

पुढे मी कपाटावर जाऊन पडलो. नवलभाऊची आई भिकुबाई, घरात सगळे तिला अक्का म्हणतात, तिनेच माझा नवा उपयोग शोधून काढला. माझी पाठ सपाट, म्हणून तिच्यावर लसूण सोलायचं ताट. कोणी हटकलं तर ती आपल्या अहिराणीत म्हणायची, “हाई डबडं दुसरं कसाना कामनं शे?”

मग या घरात मेघा सून होऊन आली. तिने ताट उचललं, माझी पाठ पुसली आणि मला चालू केलं. तिला व्हिडिओ जोडायचं काम छान येतं. लग्नातल्या तासन्‌तासांच्या चित्रणातून ती नवरीचं हसू नेमकं वेचते आणि जेवणाच्या पंगतीतलं पाहुण्यांचं भांडण अलगद गाळते. गावातले बन्सीलालभाऊ फोटो स्टुडिओ चालवतात. त्यांनी तिला एक आख्खं लग्न दिलं आणि वर शब्दही दिला, “सूनबाई, शनिवारपर्यंत जोडून द्या. शेवटी पडद्यावर तुमचंच नाव टाकू, ‘संकलन : मेघा’. उशीर झाला तर मात्र मला दुसरीकडे द्यावं लागेल.”

मित्रांनो, त्या एका ओळीसाठी मेघा काय खुलली! आणि मी काय केलं? मी गोठलो. माझ्या पोटातली जुनी हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी म्हातारी चकती. मेघा एक बटण दाबायची, उठून भाकरी थापून यायची, तरी माझं आपलं गोल चाक फिरतच असायचं. लग्नाचा व्हिडिओ उघडला की तेवढंही नाही. नवरदेव घोड्यावर चढायला पाय उचलायचा आणि तसाच अधांतरी राहायचा.

“याला एसएसडी बसवू,” नवलभाऊ म्हणाला. एसएसडी म्हणजे नव्या जातीची साठवण. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून ती झपाझप चालते. भुसावळहून घरी येताना तो जळगावला उतरला आणि रोनकशेठच्या दुकानातून ती घेऊन आला. च्युइंगगमच्या कांडीएवढी काळी पट्टी, आणि एका टोकाला सोनेरी दातांची रांग. हे दात माझ्या रिकाम्या खाचेत बसले की आम्हां दोघांचं बोलणं सुरू होतं.

पण नवी वस्तू या घरात सरळ आत शिरत नाही. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांना आधी अक्काच्या हातचं हळदकुंकू लागतं.

“इतलीसी?” पट्टी हातात घेत अक्का म्हणाली. “ह्या तुकडासाठे तू जळगावले उतरना?”

“अक्का, याच्यात आख्खं लग्न मावतं.”

“मग तर पहिले देवपुढे ठेव.”

मी समोरच्या टेबलावर होतो. मला सगळं दिसलं. अक्काने काळ्या भागावर कुंकवाचं बोट लावलं. मग ओली हळद घेतली आणि ती कुठे लावावी म्हणून जरा थबकली. सोनेरी दात चमकले. त्या कांडीत मानाची जागा तीच, असं तिला वाटलं असावं. तिने त्या दातांवरून हळदीचं बोट मायेने फिरवलं. ज्या बाईने माझ्यावर लसूण सोलला, तिने माझ्या कामात घातलेली ही पहिली माया. ती नेमकी पट्टीच्या तोंडातच गेली!

सकाळी नवलभाऊने पट्टी उचलली. कुंकू लाल, ते दिसलं, त्याने शर्टाच्या टोकाने पुसलं. हळद सोन्यावर वाळली होती. पिवळ्यावर पिवळं, दिसणार कसं? त्याने माझं पोट उघडलं, पट्टी खाचेत सारली, स्क्रू पिळला आणि मला चालू केलं.

मित्रांनो, मी जागा होताना रोज आधी हजेरी घेतो. कीबोर्ड? हजर. मेमरी? हजर. जुनी चकती? खोकत का होईना, हजर. नवी पट्टी? काहीच नाही. मी पुन्हा पुकारलं. तोंडात हळदीचा बोकणा भरलेल्या मुलीने ‘हजर’ म्हणावं तरी कसं!

मग नवलभाऊची हुशारी सुरू झाली. त्याने पट्टी काढली, घातली, पुन्हा काढली. माझ्या सेटिंगमधल्या हजेरीच्या पानावर जाऊन तिथल्या खुणा उलटसुलट केल्या आणि नंतर आधी काय होतं तेच विसरला. मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो माणूस पहिला निम्मा वेळ स्वतःचीच ओळख करून देत होता. शेवटी नवलभाऊने रोनकशेठला फोन लावला.

“भाऊ, पट्टीच्या तोंडाला कट किती आहेत, एक का दोन?” त्याने पलीकडून विचारलं.

“एक.”

“मग जात बरोबर आहे. माल नवाकोरा आहे. तुमच्या मशीनची खाचच गेलेली दिसते. नवा लॅपटॉप बघता का? दाखवतो.”

बघा दुकानदाराची चलाखी! आपला माल सुटला आणि वर नवं गिऱ्हाईक तयार. नवलभाऊ मान हलवत म्हणाला, “मेघा, हा गेला. यंदा नवा काही जमणार नाही. याला मोडीत देऊन टाकू.”

मेघाने माझं झाकण मिटलं आणि हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला. आत मी ओरडत होतो, ‘खाच ठीक आहे! हळद, हळद!’ पण मला जे काही बोलता येतं ते पडद्यावरच, आणि पडदा तर मिटलेला.

“मी जळगावला जाऊन येते,” ती म्हणाली. “दुकानात समोरासमोर बघू दे.”

“मी बी येस,” अक्का पदर खोचत उठली. “देवपुढे ठेवेल वस्तू चालत नही म्हंजे काय? त्या शेठले इचारस.”

सासू-सुना एसटीने निघाल्या. मी मेघाच्या मांडीवर. पारोळ्याला चहा झाला. अक्काने तिथेच दुकानदाराला सुनवायच्या वाक्यांची तालीम केली आणि मेघाने हसू दाबलं.

रोनकशेठ माणूस वाईट नाही, फक्त आधी आपला माल वाचवतो. समोर गिऱ्हाईक उभं राहिल्यावर मात्र त्याने काम रीतसर केलं. आधी त्याने दुकानातली दुसरीच पट्टी माझ्या खाचेत घातली. मी हजेरी घेतली आणि ती ताडकन म्हणाली, हजर!

“बघा!” मेघा टाळी वाजवत म्हणाली. “माझ्या मशीनला काही झालेलं नाही.”

‘माझ्या मशीनला’! मित्रांनो, ते दोन शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

मग रोनकशेठने आमची पट्टी आपल्या मशीनमध्ये घातली. तिथेही शांतता. त्याचा चेहरा पडला. “म्हणजे पीसच गेला. बदलून द्यावा लागेल.”

“बदलू नको!” अक्का एकदम बोलली. दोघेही तिच्याकडे बघत राहिले. “तिले हयदकुंकू लायेल शे. देवपुढली वस्तू परत देतस का कोनी?”

रोनकशेठचा हात थांबला. “हळद कुठे लावली, अक्का?”

“सोनं दिसनं, तठेच लायी. दुसरीकडे लावाले जागा तरी कोठे व्हती?”

त्याने पट्टी दिव्याखाली तिरपी धरली. मग ड्रॉवरमधून पांढरा खोडरबर काढला आणि सोनेरी दातांवरून हलक्या हाताने घासला. एकदा, दोनदा. रबर पिवळा झाला. मेघाने तो पाहिला. आता अक्काला काय वाटेल? आत्ता कुठे तिने या कामाला हात लावला होता. मेघाने रोनकशेठकडे पाहून हळूच मान हलवली, सांगू नका.

“काय निंघनं रे, भाऊ?”

“काही नाही, अक्का. गोदामातली धूळ. चूक आमचीच.”

अक्काने रबर उचलला, डोळ्यांजवळ नेला, नाकाजवळ नेला. “धूय पिवयी कधीपासून व्हयनी रे? आनि वासबी मना डबामधला!”

आणि अक्का स्वतःच अशी हसली की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. “बठ्ठी हयद मनीच शे, माय! आनि मी शेठले झोडाले उनू!”

“अक्का, मनावर घेऊ नका,” रोनकशेठही हसत सुटला. “आमची आई, सूरजबाई, दिवाळीला दुकानातल्या सगळ्या मशीनना कुंकू लावते. पाडव्याला मी रबर घेऊनच बसतो.”

त्याने पट्टी माझ्या खाचेत बसवली. मी हजेरी घेतली. स्वच्छ तोंडाने नवी मुलगी खणखणीत म्हणाली, हजर!

त्यानंतरचे दिवस कसे उडाले कळलं नाही. मेघाने बटण दाबावं आणि मी तयार! अधांतरी राहिलेला नवरदेव एकदाचा घोड्यावर चढला. शनिवारी बन्सीलालभाऊ घरी येऊन बसले, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक ओळ आली. अक्का चष्मा सावरत अक्षर अक्षर लावून वाचू लागली, “सं-क-लन... मे-घा.” मग सुनेकडे वळून म्हणाली, “हाई तर तूच शे वं!”

बन्सीलालभाऊंनी तिथेच पुढचं लग्न मेघाच्या हवाली केलं. अक्का उठली आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. नवलभाऊ घाबरून पुढे धावला, पण अक्का माझ्यापुढे येऊन आपणच थांबली. बोट हळदीत बुडवलेलं, हात हवेत.

“पोरी,” ती म्हणाली, “आते कोठे लावू, तूच सांग.”

मेघाने माझं झाकण मिटलं आणि माझ्या पाठीवर मधोमध बोट ठेवलं. जिथे पूर्वी लसणाचं ताट असायचं ना, बरोबर तिथे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे जुने सोबती असतील. ते अडले तर त्यांना लगेच मोडीत काढू नका. आधी त्यांचं तोंड पुसून बघा. आणि नव्या वस्तूचं कौतुक जरूर करा, हळदकुंकूही लावा, आम्हांला ते आवडतं. फक्त बोट उचलल्यावर आमच्या अक्कासारखं क्षणभर थांबा आणि विचारा, लावू कुठे?