ऐंशी लिटर

गाडीत पाण्याची टाकी केवढी बसवायची, यावर रघुनंदनने फार विचार केला नव्हता. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये शिवकुमार जुनी टेम्पो ट्रॅव्हलर कापून तिची फिरती खोली करत होता. तो म्हणाला, "सर, तीन माणसं, आत बाथरूम. एकशेवीस लिटर तरी हवं."

"ऐंशी पुरे. त्या जागेत फ्रिज येईल."

रघुनंदन, त्याची बायको वसुमती आणि तिसरं माणूस म्हणजे अक्का, त्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट, मधुमेह. लॉजमधले संडास तिला सहन होत नसत, म्हणून ती कुठे जातच नसे. आपलंच बाथरूम बरोबर असेल म्हटल्यावर ती बसवनगुडीहून पिशवी घेऊन हजर झाली. गोकर्णला समुद्राकाठी दोन दिवस राहायचं ठरलं होतं.

बाथरूमच्या दाराशी रघुनंदनने टाकीत किती लिटर उरलं ते दाखवणारा मीटर बसवला होता. त्याचं त्याला भारी कौतुक. कोणी बाहेर आलं की तो मोठ्याने वाचायचा, "बहात्तर!" अक्का दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा हसत म्हणाला, "चौसष्ट! अक्का, स्वल्प जपून हं. इथे नळ नाहीये."

"सरी, बरं," अक्का म्हणाली.

त्यानंतर ती क्वचितच उठली. दुपारभर समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिली. वसुमतीने नारळपाणी पुढे केलं, तर म्हणाली, "नको ग, पोट भरलंय." परत निघताना रघुनंदनने मीटर पाहिला आणि बायकोला खुशीत सांगितलं, "बघ, अजून सेहेचाळीस शिल्लक. शिवकुमार उगाच मागे लागला होता."

तुमकुरूच्या अलीकडे अक्का असंबद्ध बोलायला लागली. वसुमतीने हात लावला तर अंग तापलेलं, ओठ सुकलेले. "अहो, गाडी थांबवा! अक्कांची बाटली बघा, काल भरून दिली होती, तशीच आहे."

तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये सलाईन लावलं. शरीरातलं पाणी फार कमी झालंय, मूत्रपिंडावर ताण आलाय, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नीट बोलायला लागली. रघुनंदन खाटेशी बसला.

"अक्का, पाणी का नाही प्यायलीस?"

"प्यायलं की जावं लागतं रे. तू आकडे वाचत होतास. एवढ्या हौसेने गाडी केलीस, माझ्यामुळे पाणी संपलं असं नको व्हायला."

 आपण चेष्टा करत होतो, असं त्याला सांगावंसं वाटलं. पण ती पूर्ण चेष्टा नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

जे. पी. नगरला घरी आल्यावर त्याने टाकीखालची तोटी सोडली. पाणी फाटकातून रस्त्यावर गेलं, शेजारच्या गाडीखाली साचलं, तरी वाहतच होतं. वसुमती दारात उभी होती. 

पुढल्या महिन्यात त्याने फ्रिज काढून दीडशे लिटरची टाकी बसवून घेतली, मीटर उखडून टाकला आणि अक्काकडे गेला. "या वेळी चिकमगळूरला जाऊ. पाणी भरपूर आहे."

अक्काने त्याच्यापुढे उप्पिट ठेवलं. "तुम्ही दोघं जाऊन या," ती मायेने म्हणाली. "मला आता घरीच बरं वाटतं."

त्याने पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती तेच म्हणाली, तितक्याच मायेने.