दुसरी वाटी

रविवारची सकाळ. चोपड्यात तानुबाईंच्या घरी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला नव्या मुलीचे वडील झुलाल आबा आले होते. चहासाठी गायीचं दूध नुकतंच आलं होतं. नवरदेव शालिग्राम, कॉलेजातला जीवशास्त्राचा प्राध्यापक, आतल्या खोलीत मोबाइलवर आलेला रक्ताचा अहवाल तिसऱ्यांदा वाचत होता.

पहिली बायको सरिता जामनेरला माहेरी होती. गेली नव्हती, घालवून दिली होती. बाळंतपणानंतर चौथ्या दिवसापासून मुलीला पाण्यासारखे जुलाब लागले. दूध पाजलं की वाढायचे. तानुबाईंनी शेजारणी जमवल्या, सुनेला वाटीत दूध काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली.

“इना दूधमा इख शे,” सुनेच्या दुधात विष असल्याचा निकाल तानुबाईंनी दिला.

सरिताने दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही पोऱ्यास्ले शिकाडतस ना? तुम्ही तरी सांगा!”

प्राध्यापक महाशयांनी मान खाली घातली. आईसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती. दूध बंद झालं आणि शालिग्राम स्वतःच्या हाताने चमचा चमचा ग्लुकोजचं पाणी मुलीला पाजत राहिला. दवाखाना गाठेपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिघांचं रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी गेली.

आता अहवाल सांगत होता ते असं. आतड्याच्या पेशींच्या पटलावर साखर आत घेणारं एक दार असतं. ते घडवणारं जनुक शास्त्रज्ञांनी कधीच वेगळं काढून, त्याच्या प्रती करून, बाविसाव्या गुणसूत्रावरची त्याची जागा शोधली आहे. शालिग्राम हा धडा वर्षानुवर्षं शिकवत होता. मुलीचं ते जनुक दोन्हीकडून बिघडलेलं होतं. एक प्रत आईची, एक बापाची. दुधातली साखर तिला घेताच येत नव्हती, आणि ग्लुकोजही नाही. सरिता तर तानुबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, घरची पोर घरातच राहावी म्हणून हौसेने सून करून आणलेली. एकाच आजोबांचा दोष दोन वाटांनी त्या पाळण्यापर्यंत आला असावा.

अहवाल उघडलेला मोबाइल पुढे धरून शालिग्राम बाहेर आला. “आबा, माले दुसरं लगीन करनं नई. सरिताना दूधमा इख नव्हतं. दोष मन्हा रक्तमा बी शे.”

“मोबाइलले काय समजस?” तानुबाई उसळल्या. “मुंगी मरी ती बठ्ठ्या शेजारनीस्नी देखी!”

त्याने फडताळातून वाटी काढली, चहाचं दूध तिच्यात ओतलं आणि उंबऱ्यावरची एक मुंगी उचलून आत टाकली. तिने थोडा वेळ पाय हलवले, मग हलेनाशी झाली.

“आते सांग माय, गायना दूधमा बी इख शे का?”

तानुबाईंनी वाटी जवळ ओढून आत पाहिलं. त्यांचा आवाज अगदी खाली आला.

“मंग हाई वाटी त्या दिनले का बरं नई आनी रे?”

प्रयोगात तुलनेसाठी दुसरा नमुना ठेवला नाही, तर शालिग्राम विद्यार्थ्यांचे गुण कापत असे. त्या दिवशी ना जनुक लागत होतं, ना अहवाल. जामनेरला जाऊन सरितासमोर हेच कबूल करायचं, एवढं त्याने ठरवलं. ती परत येईल की नाही, हे विचारायचा हक्क त्याला उरला नव्हता.

फडताळात अजून नऊ वाट्या होत्या. त्या दिवशीही तेवढ्याच होत्या.