अठ्ठाविसाव्या मजल्यावरचा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. जावा बेटावरच्या सुराबाया शहरात भट्टीत तापून, घणाचे घाव सोसून मी घडलो. परांचीच्या नळ्या आवळणे हे माझे काम. परांची बांधणारा तरुण तुगिरान मला कमरपट्ट्याच्या डाव्या बाजूला दोरीने बांधून अठ्ठाविसाव्या मजल्यावर नेई. तिथून बंदरातली जहाजे भाताच्या शितांएवढी दिसत. मी लोखंडाचा, तरी माझी छाती दडपून जाई.

हत्यार देण्याघेण्याचा नियम सोपा होता. घेणाऱ्याने आधी आपल्या दोरीचा आकडा लावायचा, मगच देणाऱ्याने आपला सोडायचा.

एके दुपारी मुकादम दारमो, ज्यांना सारे आदराने ‘पाक’ म्हणजे बाबा म्हणत, वरच्या फळीवरून म्हणाले, "आण रे तो पाना."

तुगिरानने उजव्या हाताने नळी धरली होती आणि मी डाव्या हातात होतो. वडीलधाऱ्याला डाव्या हाताने काही देणे म्हणजे आमच्या जावामध्ये तोंडावर अपमान! त्याने हात बदलला, पण आखूड दोरी उजवीकडे पुरेना. म्हणून त्याने क्षणभर आकडा सोडला आणि मी निसटलो.

काय तो वेग! मजल्यामागून मजले उडत होते, वारा किंचाळत होता. खाली खानावळवाली सारिनेम, सगळ्यांची ‘बु’ म्हणजे आई, मजुरांना भात वाढत होती. मला ओरडता आले असते तर! मीठ आणायला ती दोन पावले सरकली आणि मी तिच्या बाकाची जाड फळी फोडून जमिनीत रुतलो. माझ्यात एवढी ताकद आहे? मला माझीच भीती वाटली.

तुगिरान धावत खाली आला. "बु, माझ्या हातून..."

"मेल्या, जिवंत आहे मी! आधी पाणी पी," ती म्हणाली.

पाक दारमोंनी मला उपसून काढले. "चूक याची एकट्याची नाही. ही अदब आम्हीच शिकवली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच उंचीवर त्यांनी आधी आपल्या दोरीचा आकडा मला लावला आणि मुद्दाम डावा हात पुढे केला.

"पाक, डाव्या हातानं?" तुगिरान ओशाळला.

"दे मुकाट्यानं! माझा मान पडला तर कुणाचं डोकं फुटत नाही."

आता माझा जबडा झिजला आहे, काम सुटले आहे. पण मित्रांनो, उंचावर हत्यार हाती घ्याल तेव्हा आधी दोरी बांधा. खाली कुणीतरी कुणाला जेवू घालत असते.